मासेमारीच्या रिळाच्या सर्व्हिसिंगची खास हत्यारं: विकत घ्यायची की घरी करायची?

गरीवाला
नमस्कार मंडळी. पाऊस लागला, खडपावर जाणं बंद, त्यामुळे वर्षभर खारं पाणी प्यायलेली रिळं उघडून बसलोय. नारळी पौर्णिमेच्या आत सगळी साफ करून ठेवायची आहेत. ग्रीस, तेल, चिंध्या, जुने टूथब्रश सगळं आहे. अडलंय ते हत्यारांपाशी, तेही तीन ठिकाणी.

एक, बेटकास्टरच्या (आडव्या फिरकीच्या रिळाच्या) स्पूलवरचं, म्हणजे दोरी गुंडाळायच्या फिरकीवरचं बेअरिंग. शाफ्टमध्ये आडवी एक बारीक पिन दाबून बसवलेली असते आणि तिच्यामागे बेअरिंग अडकलेलं असतं. ती पिन काढायचा छोटा प्रेस जपानात हेजहॉग स्टुडिओ वगैरे लोक बनवतात. पण तो मागवायचा तर कुरियर आणि कस्टमचाच खर्च जड.

दोन, वडिलांचं जुनं ट्रोलिंग रीळ, चालत्या होडीमागे गळ ओढायचं. त्याच्या बेअरिंग कॅपला समोरासमोर दोन खाचा आहेत आणि मधून शाफ्ट बाहेर आलाय, त्यामुळे सपाट पट्टी किंवा नाणं लावता येत नाही. मीठ बसून ती कॅप घट्ट झाली आहे.

तीन, फुलीचे बारके स्क्रू, ज्यांना दुकानदार 'स्टार' म्हणतात. चांगल्या कंपनीचा स्क्रू ड्रायव्हर लावला तरी टोक वर चढतं आणि स्क्रूचं तोंड खराब होतं.

तुम्ही ही हत्यारं कुठून घेता? की स्वतः बनवता?

चिंबोरी
आधी हातोडी. मग नवीन रीळ.

जिताडाप्रेमी
चिंबोरी +१

गरीवाला, एवढा खटाटोप कशाला? मुंबईत दोन-तीन दुकानं सर्व्हिसिंग करून देतात. द्या आणि मोकळे व्हा.

गरीवाला
दिलं होतं दादा. कुठलं दुकान ते सांगत नाही. रीळ परत आलं तेव्हा हँडल उलटं फिरू न देणाऱ्या वन-वे क्लचमध्येच ग्रीस ठासून भरलेलं, त्यामुळे हँडल उलटं फिरत होतं. तेव्हापासून घरीच.

उलटे_आटे
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वात सोपं म्हणून ते आधी. तुमचा स्क्रू ड्रायव्हर वाईट नाही, तो वेगळ्या फुलीचा आहे. जपानी रिळांचे स्क्रू बहुतेक जपानी मापाचे असतात, जेआयएस. अमेरिकन फिलिप्सच्या टोकाला उतार जास्त आणि कोपऱ्यांत गोलाई असते, त्यामुळे ते जेआयएस खाचेत तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की वर चढतं. जेआयएसचं टोक दोन्ही प्रकारच्या स्क्रूत चालतं, उलट मात्र चालत नाही. काही स्क्रूंच्या डोक्यावर फुलीच्या बाजूला बारीक टिंब असतं, ते दिसलं की जेआयएस समजा. टिंब नसलं तरी रीळ जपानी असेल तर तेच धरून चला.

ओसाकाची व्हेसल ही कंपनी हे ड्रायव्हर बनवते, ऑनलाइन मिळतात. नंबर १ आणि नंबर ० घ्या, रिळाची बहुतेक कामं त्यात होतात. हे एक हत्यार घरी बनवायच्या भानगडीत पडू नका. टोकाचं पोलाद आणि त्याची धार, दोन्ही गोष्टी कारखान्यातच नीट होतात.

नागदेवीचा_पाहुणा
ऑनलाइनची वाट बघायची नसेल तर साध्या फिलिप्सचं टोक ऑइलस्टोनवर अगदी थोडं घासून बोथट करा. टोक आखूड झालं की पाकळ्या खाचेच्या भिंतीला भिडतात. कायमचा उपाय नाही, पण रविवार निघतो.

आणि स्क्रूचं तोंड आधीच गेलं असेल तर मोटारवाल्यांची व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट टोकाला लावा. तिच्यातल्या खरखरीत कणांमुळे पकड येते.

दाढेश्वरी
इथे दंतवैद्य म्हणून बोलते. (रत्नागिरीत क्लिनिक, मिरकरवाड्याच्या मच्छीवाल्या मावश्या माझ्या पेशंट, आणि नवऱ्याला गरवायचं वेड.)

आमच्याकडची टाकाऊ हत्यारं रिळासाठी फार कामाची. वाकड्या टोकाचा प्रोब घ्या. बेअरिंगच्या शील्डला जी बारीक तारेची रिंग असते ती त्याने अलगद निघते. हँडलच्या नॉबमधलं बेअरिंग मागून ओढायलाही तोच. आणि डायमंड बर, म्हणजे दाढ कोरायचं बारीक टोक! सरळ हँडपीसच्या बरची दांडी २.३५ मिमी असते, ती हॉबी ग्राइंडरच्या ३/३२ इंची कोलेटमध्ये बसते. तोंड गेलेल्या स्क्रूवर त्याने एक आडवी खाच पाडायची की सपाट ड्रायव्हरने स्क्रू बाहेर. तुमच्या डेंटिस्टला विचारा, जुने बर फेकलेच जातात. निर्जंतुक करून मागा म्हणजे झालं.

चिंबोरी
म्हणजे रिळाचं रूट कॅनाल. भूल देता का?

दाढेश्वरी
रिळाला नाही, रिळाच्या मालकाला देते. किंमत ऐकल्यावर.

टिकटिक
पिनच्या प्रश्नावर. माझ्या वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे हे डोळ्यांसमोर आहे. धातूच्या पट्ट्याच्या कड्या काढायला जे छोटं यंत्र वापरतात, एका बाजूला स्क्रू आणि त्याच्या टोकाला पिन, तेच तुमचं पिन रिमूव्हर. तत्त्व एकच: मधे वस्तू ठेवायची, स्क्रू फिरवत पिन पुढे न्यायची, पलीकडच्या भोकातून जुनी पिन बाहेर.

पण जसंच्या तसं वापरलं तर दोन अडचणी येतील. घड्याळाची कडी सपाट असते, स्पूलचा शाफ्ट गोल. तो घरंगळतो, पिन तिरकी लागते आणि यंत्राची पिन मोडते. दुसरं, स्वस्त यंत्रांचा पाळणा प्लास्टिकचा असतो, जोर आला की तो वाकतो. म्हणून पूर्ण धातूचं घ्या आणि शाफ्ट बसेल तिथे तिकोनी कानशीने 'व्ही' खाच करा. खाच पलीकडच्या भोकाच्या बरोबर मध्यावर आली पाहिजे. सगळी मेहनत तिथेच आहे.

गरीवाला
टिकटिक, हे भारी आहे. पलीकडचं भोक किती व्यासाचं असावं?

टिकटिक
जुनी पिन सहज पडेल इतकं, त्याहून मोठं नको. भोक मोठं झालं तर शाफ्टला आधार राहत नाही. ढकलणारी पिन मात्र बसवलेल्या पिनपेक्षा जराशी बारीक हवी, नाहीतर शाफ्टच्या भोकात तीच अडकेल. आणि पिन कुठल्या बाजूने बाहेर आली ते मार्करने खूण करून ठेवा, परत त्याच दिशेने बसवा.

खडपावरचो_बसको
बाबानू, येक सांगू? माझो आजो हातदोरीन गरवायचो. लाकडाच्या फळकुटाक तंगूस गुंडाळलेलो, तेका ना बेअरिंग, ना पिन. सर्व्हिसिंग म्हणजे गोड्या पाण्यात बुडवून उन्हात ठेवूचा, झाला. सुरमय तेवाय गावायची.

जिताडाप्रेमी
आजोबांना दंडवत. पण तेव्हा सुरमईच जास्त होती हो.

मस्कतवासी
मी जरा विरुद्ध बोलतो. पिन काढायचीच कशाला? बेअरिंग शाफ्टवर असू दे. स्पूल उभा धरून बेअरिंगवाला शेंडा लायटरच्या पेट्रोलमध्ये किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा, बोटाने फिरवा, द्रव काळा झाला की बदला. कोरडं झालं की शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. इकडे ओमानमध्ये मीठ तर आहेच, वर धूळ. मी वर्षानुवर्षं असंच करतोय.

पिन जितक्या वेळा काढाल तितकी तिची पकड ढिली होते. आणि एकदा शाफ्ट वाकला की कास्ट करताना स्पूल थरथरतो, मग कितीही महाग बेअरिंग घाला.

टिकटिक
मस्कतवासी, साफ करण्यापुरतं तुमचं बरोबर. पण बेअरिंगच गंजलं असेल, फिरवताना खरखरत असेल, तर बदलावंच लागतं. गरीवाल्यांनी आधी ते बघावं. कोरड्या बेअरिंगचा नुसता आवाज येणं वेगळं आणि बोटाला दाणे लागणं वेगळं.

गरीवाला
दाणे लागतायत. बदलायचंच आहे.

नागदेवीचा_पाहुणा
मग बेअरिंगचं सांगतो, कारण लोक इथे उगाच पैसे घालवतात. रिळाच्या कंपनीच्या पार्ट नंबरमागे धावू नका. व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा. ३ × १० × ४ असेल तर ते जगभर ६२३ म्हणून मिळतं. ५ × ११ × ४ असेल तर एमआर११५. हँडलच्या नॉबमध्ये बऱ्याचदा ४ × ७ × २.५ निघतं, ते एमआर७४. मागे झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना धातूचं झाकण, २आरएस म्हणजे रबराचं सील.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंगची दुकानं रांगेने आहेत. फक्त एक विचारायचं: स्टेनलेस आहे का? दुकानात सहज मिळणारं ६२३ साध्या क्रोम स्टीलचं असतं, ते फोटोकॉपी मशीनला ठीक. खाडीवर न्याल तर लवकरच लाल होईल. स्टेनलेसच्या नंबरामागे-पुढे बहुधा एस किंवा एसएस लावलेलं असतं.

थरावर_थर
पुण्यातून नमस्कार. थ्रीडी प्रिंटरचा कोणी विषयच काढला नाही? मी स्पूल ठेवायचा स्टँड, नॉबचं झाकण उचलायचा आकडा, बेअरिंग सरळ बसवायचा ठोकळा, सगळं छापलंय. दोन खाचांच्या कॅपचा पाना पण छापता येईल, माप पाठवा, फाइल देतो.

उलटे_आटे
मीठ धरलेली कॅप आणि प्लास्टिकचा पाना? दात आधी निघतील, कॅप जागची हलणार नाही.

थरावर_थर
दादा, थांबा. एक तर प्लास्टिकने अ‍ॅनोडाइझिंग, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवरचा रंगीत थर, खरवडत नाही. दुसरं, मी छापलेला पाना हा नमुना म्हणून. खाचेत बसतो की नाही ते तपासायचं आणि मग तोच घेऊन लेथवाल्याकडे जायचं. कागदावरच्या चित्रापेक्षा त्याला हातातला नमुना लवकर कळतो.

उलटे_आटे
नमुना म्हणून मान्य. हे आधी बोलायचं ना.

आता दोन खाचांच्या पान्याबद्दल. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आयुष्य गेलं, तेव्हा जरा लांबण लावतो.

लोक बहुतेक जुना सॉकेट घेतात आणि कड घासून दोन दात शिल्लक ठेवतात. कल्पना बरोबर, पण चांगला सॉकेट क्रोम व्हॅनेडियमचा, कडक केलेला असतो. त्यावर कानस नुसती घसरते. ग्राइंडर लागतो, आणि हाताने ग्राइंडरवर दोन्ही दात एकाच उंचीचे काढणं सोपं नाही. एक दात आखूड राहिला की सगळा जोर दुसऱ्यावर येतो आणि तो खाचेतून निसटतो. निसटला की कॅपची कड गेली.

त्यापेक्षा स्कूटरचा नळीचा प्लग पाना बघा, कुठल्याही गॅरेजात पडलेला असतो. मऊ पत्र्याची नळी, कानशीने लोण्यासारखी कापली जाते. तुमच्या कॅपचा व्यास त्याच्या जवळपास असेल तर काम फुकटात होईल. नसेल तर टर्नरकडे जा. ईएन८ (जरा कडक पोलाद) चा गोल बार, मधे शाफ्टपेक्षा अर्धा-एक मिमी मोठं भोक, बाहेरचा व्यास कॅपइतका. मग तोंडावर कानशीने किंवा मिलिंगवर दोन दात. दुसऱ्या टोकाला आडवं भोक पाडून त्यात सळई घातली की टी-पाना तयार. एमएस, म्हणजे साधं मऊ पोलाद, घेऊ नका, दात मुडपतात.

दाताची रुंदी खाचेत घट्ट बसेल अशी हवी. हाताने दाबून बसवावं लागलं तर उत्तम. खुळखुळला तर तो पाना भंगारात टाका. आणि दाताच्या बाजू सरळ उभ्या ठेवा. उतार ठेवलात तर जोर लावताना पाना आपोआप वर उचलला जातो, जे फिलिप्समध्ये होतं तेच इथे होईल.

दाढेश्वरी
पितळेचे दात चालणार नाहीत का? माझ्या नवऱ्याच्या रिळाची कॅप सोनेरी अ‍ॅनोडाइज्ड आहे, पोलादाचा ओरखडा आला तर घरात शोककळा.

उलटे_आटे
ताई, ओरखडा येतो तो पाना घसरल्यामुळे. नीट बसलेला पोलादी पाना ओरखडत नाही, ढिला बसलेला पितळी पाना ओरखडतो. पण रोजची उघडझाप असेल, कॅप सैल असेल, तर पितळ घ्या, काही हरकत नाही. मीठ धरलेल्याला नको.

मस्कतवासी
पाना बनेपर्यंत कॅपवर डब्ल्यूडी-४० मारत राहा.

नागदेवीचा_पाहुणा
आला, डब्ल्यूडी-४० आला! वाटच बघत होतो.

हे वंगण म्हणून रिळात मारू नका, हात जोडतो. नावातच वॉटर डिस्प्लेसमेंट आहे. १९५३ साली सॅन डिएगोत पाणी हटवून गंज टाळायला बनवलेलं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. पाणी हटवतं, गंज सैल करतं, पण आतलं ग्रीसही धुऊन काढतं. त्यानंतर पुन्हा ग्रीस भरलं नाही तर गिअर कोरडे चालतात.

मस्कतवासी
कॅप सैल करायला मारा म्हटलं, आत मारा म्हटलं नाही. वाचता का प्रतिसाद?

नागदेवीचा_पाहुणा
वाचतो. तुम्ही म्हणाला नाहीत, पण वाचणारे दहा जण आत मारणार म्हणून लिहिलं.

टिकटिक
भांडू नका. सैल करण्यासाठी उष्णता सगळ्यात चांगली. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं. बाहेरची प्लेट अ‍ॅल्युमिनियमची आणि आतली कॅप पोलादाची किंवा पितळेची असेल तर हेअर ड्रायरने प्लेट गरम करा, प्लेट जास्त उघडते आणि आटे सुटतात. रात्रभर आट्यांत शिरणारं भेदक तेल, सकाळी ड्रायर, मग पाना. जुन्या रिळाची साइडप्लेट बेकेलाइटची असेल तर मात्र उष्णतेच्या वाटेला जाऊ नका, तडकेल.

जिताडाप्रेमी
जरा अवांतर. माझ्या स्पिनिंग रिळाचं हँडल डावीकडून उजवीकडे बदलायचंय. स्क्रू-इन हँडल आहे, निघतच नाही. पक्कड लावू का?

चिंबोरी
हातोडी राहिली की.

उलटे_आटे
पक्कड ठेवा खाली! डाव्या बाजूला बसवलेल्या स्क्रू-इन हँडलचे आटे उलटे असतात. आयडीच आहे माझा, एवढं तर मला विचारा.

कारण साधं आहे. तंगूस गुंडाळताना उजवीकडचं हँडल उजव्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतं, म्हणजे सुलटे आटे घट्ट होत जातात. तेच हँडल डावीकडे लावलं की डाव्या बाजूने पाहताना ते घड्याळाच्या उलट फिरतं. तिथे सुलटे आटे दिले तर मासा ओढताना हँडल सुटून हातात येईल. म्हणून एकाच दांड्यावर दोन जाडीचे आटे असतात, एक सुलटा, एक उलटा. तुम्ही डावीकडचं काढताय, तेव्हा घड्याळाच्या दिशेने फिरवा. गिअर धरायला रोटर (स्पूलभोवती फिरणारा भाग) हाताने घट्ट पकडा.

रोटरच्या मधल्या नटाचंही तेच. काहींत सुलटे आटे, काहींत उलटे. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं सुट्या भागांचं चित्र असतं, ते आधी उतरवून घ्या. नट सैल होत नाही म्हणजे तुम्ही कदाचित घट्ट करताय. आणि त्या नटाला बाजूने एक छोटी पट्टी अडवून ठेवलेली असते, तिचा स्क्रू आधी काढायचा. नटाला पक्कड कधीच नको, मापाचा रिंग पाना किंवा पातळ भिंतीचा सॉकेट हवा. जाड भिंतीचा सॉकेट रोटरच्या खळग्यात उतरत नाही. तिथे सॉकेटची बाहेरची भिंत लेथवर उतरवून घेणं हासुद्धा हत्यार बनवण्याचाच प्रकार.

जिताडाप्रेमी
निघालं! पाच सेकंदांत. उलटे आटे साहेब, अलिबागला आलात की जिताड्याचं कालवण माझ्याकडून.

दाढेश्वरी
वर क्लचमध्ये ग्रीसचा विषय आला, तो अर्धवट राहिला. माझ्या नवऱ्याचा मुद्दा असा की खाऱ्या पाण्यात क्लच गंजतो, मग ग्रीस का नको?

टिकटिक
वन-वे क्लचमध्ये बारीक रोलर असतात आणि त्यांना ढकलणाऱ्या नाजूक स्प्रिंगा. हँडल उलटं फिरायला लागलं की रोलर क्षणात उतारावर चढून अडकले पाहिजेत. जाड ग्रीसमध्ये ते पोहत राहतात, म्हणून हँडल मागे घसरतं. थंडीत जास्तच. पातळ तेलाचा हलका हात पुरे. ग्रीस गिअरला, बॉडीच्या सांध्यांना आणि स्क्रूच्या आट्यांना. हे शेवटचं सगळे विसरतात. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीत स्टेनलेसचा स्क्रू आणि मधे खारं पाणी म्हणजे छोटी बॅटरीच, अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. गरीवाल्यांची कॅप बहुधा अशीच जखडली असणार.

थरावर_थर
आणि ड्रॅगच्या, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी सुटू देणाऱ्या ब्रेकच्या, वॉशरना? मी जाड फेल्टचे वॉशर घरी कापायचा विचार करतोय.

नागदेवीचा_पाहुणा
फेल्ट कापायला चामड्याला भोकं पाडायचे गोल पंच घ्या, हार्डवेअरवाल्याकडे सेट मिळतो. आधी आतलं भोक पाडा, मग बाहेरचा गोल. उलट केलंत तर भोक मध्यावर येत नाही. खाली लाकडाचा आडवा तुकडा नको, त्याचे रेषे फेल्टला वाकडं करतात, उभ्या रेषांचा ओंडका घ्या. कार्बनचे वॉशर मात्र तयारच घ्या, घरी कापताना कडा सुटतात आणि धूळ नाकात जाते. दोन्हींना ड्रॅगचंच ग्रीस, अगदी पातळ थर. गिअरचं ग्रीस लावलंत तर पहिल्या मोठ्या माशाला ड्रॅग धक्के देत सुटेल.

खडपावरचो_बसको
ह्या सगळा वाचून माका वाटता, मासो गरवूचो रवलो बाजूक, तुमी सगळे कारखानो काढतास.

चिंबोरी
काका, पावसात दुसरं काय करणार? भजी तरी किती खायची.

गरीवाला
सगळ्यांना अपडेट. घड्याळाच्या पट्ट्याचं धातूचं यंत्र आणलं, त्यात व्ही खाच केली, ढकलायची पिन बदलून जरा बारीक टाकली. स्पूलची पिन एकदाची निघाली, शाफ्ट सरळ आहे. बेअरिंग ३ × १० × ४ निघालं, म्हणजे ६२३. स्टेनलेसचं शोधतोय.

उडणाऱ्या सी-क्लिपसाठी (भाग अडकवून ठेवणाऱ्या सी आकाराच्या स्प्रिंगसाठी) एक युक्ती माझ्याकडून. हात आणि रीळ दोन्ही मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून क्लिप काढायची. उडाली तरी पिशवीतच राहते. आणि भाग काढले त्या क्रमाने अंड्यांच्या ट्रेमध्ये.

ट्रोलिंग रिळाची प्लेट अ‍ॅल्युमिनियमचीच आहे. तेल आणि ड्रायर झालं, पण प्लग पान्याची नळी मोठी पडते. उलटे आटे साहेब, टर्नरला काय सांगू? फोटो टाकतो, तुम्हीच करून पाठवाल का? जो खर्च होईल तो देतो.

मस्कतवासी
तोपर्यंत माझा एक प्रश्न. नवीन रीळ घेतलंय, त्यात डायवा कंपनीचं मॅगसील आहे. त्या बेअरिंगचं काय करायचं?

टिकटिक
काहीच नाही. त्यात चुंबकाने धरून ठेवलेलं द्रव असतं, तेच पाण्याला अडवतं. (असं चुंबकीय द्रव पहिल्यांदा नासाच्या एका शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये बनवलं, रॉकेटचं इंधन वजनरहित अवस्थेत खेचता यावं म्हणून. पोचलं बघा कुठे.) तिथे तेल टाकलंत तर ते द्रव पातळ होऊन निघून जाईल. बाकी रीळ उघडा, ते सोडून.

थरावर_थर
म्हणजे एवढ्या हत्यारांच्या चर्चेनंतर एक जागा अशी निघाली जिथे हातच लावायचा नाही.

उलटे_आटे
गरीवाला, करून पाठवतो, पण फोटोवरून मी काही कापणार नाही. व्हर्नियरने चार मापं घ्या: कॅपचा बाहेरचा व्यास, खाचेची रुंदी, खाचेची खोली आणि बाहेर आलेल्या शाफ्टचा व्यास. प्रत्येक माप दोनदा, दोन्ही खाचांचं वेगळं, कारण जुन्या कॅपच्या एका खाचेची कड बहुधा खाल्लेली असते. शाफ्ट कॅपच्या वर किती उंच आहे तेही लिहा, म्हणजे भोक तेवढं खोल ठेवता येईल. थरावर थरांनी त्या मापाने नमुना छापून तुम्हाला दिला आणि तो खाचेत बसला, तर तोच मला कुरियर करा. बार माझ्याकडे पडलेला आहे.